डाव्या पायाचे बूट

सोमवारी तातेवचा गेला.
मंगळवारी नानेचा, आणि जुळ्यांपैकी एकाचा.
दर वेळी डावाच.
ग्युमरीत मार्च म्हणजे अर्धामुर्धा वितळलेला बर्फ,
रस्त्यावर घरांच्या काळ्या दगडासारखाच काळा चिखल.
एका पायात बूट, दुसऱ्यात प्लॅस्टिकची पिशवी
अशी पोरं आया उचलून नेत होत्या
आणि जाता जाता माझ्याकडे बघत होत्या.

बुधवारी स्वयंपाकघरातल्या मोठ्या पातेल्यात
(रिकामं होतं, नशीब) वार्सेनिकला चार बूट सापडले.
अर्शाक. साडेचार वर्षांचा.
विचारलं तर म्हणाला, 'हो, मीच.'
खोटं बोलला असता तर मला सोपं गेलं असतं.

आधी मी ओरडले.
मग ओरडल्याची लाज वाटली म्हणून समजावलं,
म्हणजे तेच ओरडणं, हळू आवाजात.
मग भिंतीवर तक्ता लावला :
शहाण्यासारखं वागेल त्याला सोनेरी चांदणी.
दोन दिवसांत अर्शाकने तीन मिळवल्या.
तिसरी नानेच्या बुटाला चिकटवली
आणि तो बूट पियानोमागे टाकला.

बावीस वर्षं हे काम करतेय.
'शहाणा' हा शब्द किती पोरांना वाटला, मोजला नाही.
बहुतेक वेळा मला म्हणायचं असायचं : गप्प.

शनिवार-रविवार गेला. सोमवारी मी काहीच केलं नाही.
कोटांच्या खुंट्यांआड छोट्या खुर्चीवर
गुडघे हनुवटीशी घेऊन नुसती बघत बसले.
पाच वाजले. फाटक करकरलं.
अर्शाकची मान दाराकडे वळली.
खोडीचं हसू नव्हतं चेहऱ्यावर.
दूध उतू जाताना आपण धावतो,
तसा तो धावला बुटांकडे.

त्याची आई सगळ्यांत शेवटी येते,
पायमोज्यांच्या कारखान्यातली पाळी संपवून.
घरी काही झालंय का, मी विचारलं.
'काही नाही,' झारुही म्हणाली.
'वर्तान गेला क्रास्नोदारला, बांधकामावर. दरवर्षी जातो.
पहाटेची बस होती, पोरगं झोपलेलं.'
स्कार्फची गाठ सोडली, पुन्हा बांधली.
'नसेल झोपलेलं.
निघताना वर्तानच्या डाव्या बुटाची नाडी तुटली.
दुसरी सापडेना. तेवढा वेळ
तो घरात होता.'

दुसऱ्या दिवशी तक्ता काढला. खिळा तसाच राहिला.
अर्शाकला म्हटलं, आजपासून बूट तुझ्या ताब्यात.
निघणाऱ्याला जोडी तू आणून द्यायची,
आणि उद्या येणार का, ते विचारून घ्यायचं.

विचारतो. तिकीट तपासनिसासारखा.
उत्तर मिळेपर्यंत डावा बूट काखेत.
दिवसभर उभं राहून पाय सुजलेल्या बायका
त्याच्यापुढे थांबून पोरांच्या वतीने सांगतात :
'येणार रे बाबा, येणार.'

तरी गुरुवारी एक बूट गेलाच.
तरी गुरुवारी मी ओरडलेच.
मग दोघंही पियानोमागे हात घालून शोधत होतो,
त्याच्या हाताला लागला एक बूट, माझ्या हाताला
कुणाचा तरी मागच्या वर्षीचा दात, कागदात गुंडाळलेला.

आज सगळे गेले. झारुहीला उशीर.
मी कोट चढवला, खाली बघितलं :
माझाच डावा नाही.

बसले. विचारलं नाही.
'पाय गार पडलाय,' एवढंच म्हटलं, खिडकीकडे बघत.
बराच वेळ फक्त रेडिएटरचं टकटक.
मग मांडीवर बूट आला, आतून गरम.
रेडिएटरखाली ठेवला होता त्याने.

'शहाणा' जिभेवर आलं होतं. गिळलं.
म्हटलं, 'आणलास.'
'उद्या?'
'येणार.'

तो खाली बसला, जिभेचं टोक बाहेर काढून
माझी नाडी बांधू लागला.
चुकली. सोडली. पुन्हा चुकली.
मी पाय हलवला नाही.